मंगळवारची बायको

दुकानदाराला दोन गोष्टी फुकट मिळतात. रिकामी गोणपाटं आणि किस्से. गोणपाटांचं काय करायचं ते मला ठाऊक आहे. किस्से मात्र नुसते साठत जातात, आणि एक सांगायला काढला की त्याच्या शेपटाला धरून दुसरा बाहेर येतो.

पूर्वी माझी समजूत होती की किस्से व्हायला जागाही तशी लागते. लग्नाचा हॉल, सहलीची बस, फार तर सरकारी ऑफिस. तुरुंगात कसले आलेत किस्से? पण गेली काही वर्षं आम्ही दर शुक्रवारी एका तुरुंगात जाऊन बसतोय. तोही दीडशे वर्षांपूर्वीचा, आणि त्यातही बायकांच्या बराकीत! आता माझ्याकडे गोणपाटांपेक्षा किस्से जास्त झालेत.

आमचं दुकान बहरीनमध्ये, झिंज भागात. तांदूळ, डाळी, मसाले, कोकम, पापड. वैशाली आमची जुनी गिऱ्हाईक. सीफमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, राहते हमद टाउनला. इंद्रायणी तांदळासाठी एवढं अंतर गाडी चालवत येते. एकदा काउंटरला उभी राहून मोबाइलमध्ये डोळे बारीक करून काहीतरी बघत होती. मी विचारलं, काय गं, बिल चुकलं का?

ती म्हणाली, "काका, हे अक्षर तुम्हाला काय वाटतं?"

मी बघितलं आणि खरं ते सांगितलं, "जिलबी."

ती मोडी लिपी होती. वैशाली नोकरी सांभाळून पीएचडी करत होती. विषय : एकोणिसाव्या शतकात कोकणातल्या एका तुरुंगात असलेल्या बायका. त्या कोण होत्या, कशासाठी आत गेल्या, आत काय खाल्लं, सुटल्यावर कुठे गेल्या. सुट्टीत गावी जायची, दप्तरखान्यातल्या कागदांचे फोटो काढून आणायची आणि इथे वाचत बसायची. एकटीला उरकत नव्हतं.

मी नववीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचं सगळं शिक्षण काउंटरवर झालं. पण फुकटची गोष्ट ऐकायला मिळत असेल तर मी मोडीच काय, चिनी शिकायला तयार आहे. पुण्याचा केदार, एसीच्या डक्टचं डिझाइन करणारा इंजिनिअर, तोही आला. त्याची बायको नोकरीनिमित्त दुबईला, त्यामुळे सुट्टीचा शुक्रवार त्याला खायला उठायचा. असे आम्ही तिघं. व्हिडिओवर मोडीचे धडे घेतले आणि दुकानाच्या वरच्या आमच्या हॉलमध्ये शुक्रवारची बैठक सुरू झाली.

❖

पहिला घोटाळा महिन्याभरातच झाला.

वैशाली दुकानात उभी राहून फोनवर तिच्या गाइड सरांशी बोलत होती. बोलणं साधारण असं : "सर, तिची शिक्षा संपत आलीय, पण सुटून ती जाणार कुठे? नवरा घ्यायला तयार नाही. मूल आतच जन्मलं. गावाकडून कोणी चौकशीलासुद्धा आलेलं नाही."

मागे आमची एक गिऱ्हाईक बाई साबुदाणा निवडत होती. तिचा हात थांबला. साबुदाणा न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी आपल्या लोकांच्या अडीअडचणीला धावून जाणारे एक गृहस्थ दुकानात हजर. माणूस सोन्यासारखा, फक्त ऐकून घेण्याची सवय नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती बाई कुठल्या कंपनीत होती? पासपोर्ट कोणाकडे आहे? एम्बसीत माझी ओळख आहे."

मी म्हटलं, "अहो साहेब, कसली कंपनी? ती बाई वारली."

त्यांनी डोक्याला हात लावला. "अरेरेरे! कधी?"

"दीडशे वर्षं झाली असतील."

पण तोवर त्यांनी फोन कानाला लावला होता. तिकडच्या माणसाला सांगत होते, "अरे, उशीर झाला रे! आता निदान बॉडी तरी लवकर पाठवू या!"

❖

ग्रुप म्हटलं की व्हॉट्सॲप आलंच. केदारने ग्रुप काढला आणि हौसेने नाव दिलं 'जनाना बराक'.

त्याच सुमारास त्याची आई पुण्याहून मुलाकडे राहायला आली. एका सकाळी केदार आंघोळीला गेलेला. टेबलावर त्याचा फोन टुणकन वाजला. आईंनी चष्मा लावून वाचलं. वर नाव 'जनाना बराक' आणि खाली माझा मेसेज : "उद्या लवकर ये. नवीन तीन बायका आल्यात."

केदार सांगतो, आई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "केदार, सूनबाईला दुबईहून बोलावून घे."

ग्रुपचं नाव आता 'इतिहास' आहे.

❖

वैशालीच्या रजेचा किस्सा तिच्याच तोंडून ऐकायला हवा, पण मी सांगतो.

तिला त्या तुरुंगाची इमारत प्रत्यक्ष बघायची होती. बायकांची बराक अजून उभी आहे, आणि बघायची परवानगी मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. तिने ऑफिसात रजेचा फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, तुरुंगात जायचं आहे. इंग्रजीत लिहिल्यावर त्याचा अर्थ एकच होतो!

एचआरमध्ये एक मल्याळी गृहस्थ आहेत. स्वभावाने फार मऊ. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाले, "मॅडम, हमको सब समझता है. लेकिन ऐसे केस में ॲन्युअल लीव्ह नहीं मिलेगा. अनपेड लेना पड़ेगा."

वैशाली म्हणाली, "सर, चार दिन का तो काम है."

गृहस्थांचा चेहरा एकदम खुलला. "बस चार दिन? फिर तो छोटा गुनाह है, मॅडम! ॲन्युअल में बिठा देता हूँ!"

❖

आता थोडं संशोधनाकडे वळतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, हे लोक नुसते चहा पितात.

त्या कागदांत कैद्यांच्या नावांची यादी असते. मोडी जेमतेम यायला लागल्यावर पहिली यादी वैशालीने केदारला दिली आणि म्हणाली, नावं उतरवून काढ. पोरगा हुशार. उतरवली, वर कॉम्प्युटरवर तक्ता केला, त्याचे रंगीत आलेखही काढले. शुक्रवारी आला तो उड्या मारतच.

"काका, वैशालीताई, मोठा शोध लागलाय! या तुरुंगातल्या निम्म्याहून जास्त बायका एकाच घराण्यातल्या आहेत!"

आम्ही म्हटलं, कुठलं घराणं?

"कोम! हे बघा. सखू कोम राघू. भागी कोम बाळू. रखमा कोम विठू. कोकणातलं हे कोम घराणं भलतंच गुन्हेगार दिसतंय!"

वैशालीने कपाळावर हात मारला. जुन्या कागदांत 'कोम' म्हणजे 'ची बायको'. सखू कोम राघू म्हणजे राघूची बायको सखू. बाईचं नाव सांगताना नवऱ्याचं नाव जोडायचा तो सरकारी शब्द.

केदार थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "ठीक आहे. पण पुरुषांच्या यादीत अरब आहेत, ते तरी खरं ना? धोंडी बिन बाळू!"

आता 'बिन' म्हणजे 'चा मुलगा', हे बहरीनमध्ये राहून त्याला कळायला हवं होतं. पण त्याची चूक तरी काय म्हणायची? त्याच वेळी खाली आमचे घरमालक अबू युसुफ भाडं न्यायला आले होते. बहरीनी माणूस, जुन्या वळणाचा, हिंदी आपल्यापेक्षा फर्डी. जिना चढून वर आले, केदारच्या खांद्यावरून तक्ता बघितला आणि 'धोंडी बिन बाळू' त्याच्याकडून वाचून घेतलं. बराच वेळ विचार केला.

"बिन बालू..." ते म्हणाले. "ये फॅमिली मेरे को मालूम है. मुहर्रक का है. इनका मच्छी का धंधा था!"

❖

मोडीचा दुसरा गुण म्हणजे शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. सगळं वाक्य एका दमात, रेघेला लटकलेलं. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि वाचणारा जसा असेल तसा तो तोडतो.

एका बाईवर चोरीचा आरोप होता. काय चोरलं ते लिहिलं होतं : 'दोनशेरडेंचोरलीं'.

केदार आकड्यांचा माणूस. त्याने तोडलं, दोनशे. "दोनशे रडें चोरलीं."

"रडें म्हणजे काय?"

"रडण्याशी संबंध असणार. दोनशे वेळा रडली असेल."

"आणि ते चोरलं?"

"चोरून रडली असेल, काका! सासुरवास होता त्या काळी!" आणि तो स्वतःच गलबलला.

मी म्हटलं, येडा आहेस. मी किराणावाला, मला त्यात वजन दिसत होतं. दोन शेर! शेर हे जुनं माप. दोन शेर काहीतरी चोरलं. पुढे 'डें'. डें म्हणजे उघड उघड डाळ, कारकुनाने घाईत अर्धी लिहिली. गरीब बाई, घरात पोरं उपाशी, दोन शेर डाळ उचलली. मी तर डाळ कुठली असेल तिथपर्यंत पोचलो होतो. कोकण आहे, कुळीथच असणार.

अर्धा तास आमचं जुंपलं. केदार दोनशे सोडेना, मी डाळ सोडेना. वैशाली मुकाट चहा पीत ऐकत होती. शेवटी कप खाली ठेवून म्हणाली, "झालं का दोघांचं? आमच्या घरी शेरडं होती. मी शाळेतून आल्यावर चारायला न्यायचे."

आम्ही दोघांनी पुन्हा कागदात डोकं घातलं.

"दोन शेरडं," ती म्हणाली. "बकऱ्या."

केदारने मान खाली घातली. मला मात्र राहवेना. म्हटलं, "ते ठीक आहे. पण मग डाळ?"

"डाळ शेरडांनी खाल्ली असेल, काका."

❖

तुरुंगातलं जेवण हा वैशालीच्या प्रबंधातला एक भाग. नाचणीची भाकरी, पातळ वरण, कधी पालेभाजी, मीठ बेताचं. गोड नाही, तूप नाही, सूर्यास्तानंतर काही नाही. आणि दिवसभर दळण.

ती हे वाचून दाखवत होती तेव्हा केदार अस्वस्थ व्हायला लागला. मला वाटलं, हळवा पोरगा, बायकांचे हाल ऐकवत नाहीत. इतक्यात त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि आमच्यापुढे धरला. सीफमधल्या त्याच्या डाएटिशियन बाईंनी दिलेला. नाचणीची भाकरी, पातळ वरण, पालेभाजी, मीठ कमी, साखर बंद, सूर्यास्तानंतर काही नाही.

आम्ही दोन्ही ताडून पाहिलं. कैदी बायकांना आठवड्यातून एकदा सुकी मासळी तरी होती. केदारला तीही नव्हती!

मी म्हटलं, "बाकी सगळं जुळलं. सक्तमजुरी तेवढी राहिली."

केदार पडेल आवाजात म्हणाला, "जिम लावलंय, काका."

❖

आणि मग आली येसू.

येसूचं नाव इंग्रजी रजिस्टरमध्ये मिळालं. गोऱ्या साहेबाच्या हाताखालच्या कारकुनाने भरलेलं. नाव : येसू. गुन्हा : सावकाराच्या घरात शिरून त्याचं जातं विहिरीत टाकलं. (हे वाचूनच आम्ही तिच्या प्रेमात पडलो.) पुढचा रकाना नवऱ्याच्या नावाचा. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं : मंगळवार.

नवऱ्याचं नाव मंगळवार!

केदारने आठवडाभर झोप उडवून घेतली. त्याचं म्हणणं, नवरा आफ्रिकेतला खलाशी असणार, बोटीवरच्या लोकांना वारांची नावं देत असत, म्हणजे हे आंतरराष्ट्रीय प्रकरण आहे. त्याने चार पानं लिहूनसुद्धा आणली. मी म्हटलं, बाजाराचा वार असेल, कारकुनाच्या डोक्यात बाजारच घोळत असणार, माझ्याही असतो.

वैशाली पुढची ओळ वाचत होती. शेऱ्यात लिहिलं होतं की ही बाई विचारलेलं सांगत नाही, म्हणून तिची भाकरी अर्धी केली. मग पुन्हा तेच. सांगत नाही, भाकरी अर्धी. आणखी एकदा तेच.

ती उठून उभी राहिली. "काका! आमच्या शेजारची आत्या नवऱ्याला काय म्हणायची माहीत आहे? 'मंगळवारच्या दुसऱ्या दिवसाचे'! कारण नवऱ्याचं नाव बुधाजी. नाव घ्यायचं नाही ना!"

केदार म्हणाला, "म्हणजे येसूचा नवरा..."

"मंगळ्या! तिने नाव घेतलंच नाही. भाकरी अर्धी झाली तरी घेतलं नाही. फारच छळलं तेव्हा म्हणाली, मंगळवार म्हणा. आणि त्या शहाण्याने तसंच लिहिलं!"

त्या दिवशी कोणी चहा प्यायलं नाही. वैशालीने येसूवर अख्खं चौथं प्रकरण लिहिलं. बाकीच्या बायकांची हकिकत दुसऱ्यांनी लिहिलेली. कोणी न्यायाधीशाने, कोणी जेलरने. येसूचा मात्र एक शब्द तिचा स्वतःचा सापडला होता, मंगळवार.

❖

प्रबंध गेला. काही महिन्यांनी बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आला. परीक्षक बाई नामांकित, बायकांच्या हक्कांवर त्यांची पुस्तकं आहेत, आणि भले भले त्यांना टरकतात असं गाइड सर स्वतःच टरकून सांगत होते. बाईंनी बाकीच्या प्रबंधाची स्तुती केली होती. चौथ्या प्रकरणाबद्दल लिहिलं होतं की हा निव्वळ कल्पनाविलास आहे. कारकुनाने दाखल झाल्याचा वार चुकून शेजारच्या रकान्यात लिहिला, आणि त्यावर उमेदवाराने कादंबरी रचली. तोंडी परीक्षेत पटवून द्यावं, नाहीतर प्रकरण वगळून प्रबंध नव्याने सादर करावा.

नव्याने सादर करायला वेळच नव्हता. शेवटची मुदतवाढ त्याच महिन्यात संपत होती. ती संपली की नोंदणी रद्द, सगळी वर्षं पाण्यात.

गाइड सर फोनवर म्हणाले, "वैशाली, आधीच सांगून टाक की प्रकरण काढते. बाई खूश होतील, नव्याने सादर करायला लावणार नाहीत, डिग्री घेऊन मोकळी हो."

स्पीकर चालू होता, आम्ही सगळे ऐकत होतो. वैशाली म्हणाली, "सर, ते प्रकरण काढलं तर येसू कुणाची बायको राहत नाही, कुणी बाई राहत नाही. चुकलेला रकाना होते नुसता."

"अगं, पण डिग्री?"

"ती गेली तर गेली." एवढं बोलून फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. आम्ही काही ऐकलं नाही असं दाखवलं.

❖

परीक्षा शुक्रवारी सकाळी, ऑनलाइन. तिकडे कामाचा दिवस, इकडे सुट्टी, म्हणजे रजेचा प्रश्न मिटला. वैशालीच्या हमद टाउनच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं काम चाललं होतं, ड्रिलने भिंती हादरत होत्या. म्हणून ती आमच्या हॉलमध्ये बसली. परीक्षा खुली असते, कोणीही ऐकू शकतं. केदार वायफाय सांभाळायला, मी धीर द्यायला. दोघंही कॅमेऱ्याच्या बाहेर, भिंतीला टेकून.

स्क्रीनवर तिघंजण. मधे अध्यक्ष, एका चौकटीत घामाघूम गाइड सर, आणि एका चौकटीत परीक्षक बाई. पांढरा बॉयकट, खादीचा कुर्ता, गळ्यात बारीक मंगळसूत्र, चष्म्यावरून बघायची सवय. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात, पण आवाज असा की माझीच पाठ ताठ झाली.

बाकीचे प्रश्न पटापट झाले. मग बाईंनी पानं उलटली.

"चौथं प्रकरण. मला सांगा, ही तुमची येसू. सावकाराच्या घरात शिरून जातं विहिरीत टाकणारी. ही काय लाजरीबुजरी बाई होती?"

"नाही, मॅडम."

"तुरुंगात आहे. समोर साहेब. भाकरी अर्धी होतेय. आणि ती म्हणते, मी नवऱ्याचं नाव घेणार नाही?"

"मॅडम, त्या काळची प्रथा..."

"प्रथा मला शिकवू नका. प्रथा घरात पाळतात, सासूसमोर पाळतात. पोट जळत असताना, साहेब डोक्यावर उभा असताना, असल्या गोष्टी कोण पाळेल? कोण?"

वैशाली चौथ्या प्रकरणाची पानं चाळायला लागली.

"कोणीही पाळेल," मागून आवाज आला.

आमची शालिनी. माझी बायको. हातात चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. शुक्रवारी आमचं पुराण चालू असलं की ती सहसा बाहेर फिरकत नाही.

"कोण बोललं?" बाई कडाडल्या. केदारने लॅपटॉप मिटायला हात घातला, वैशालीने तो धरला.

"आमच्या काकू आहेत, मॅडम. त्यांच्याच घरी बसलेय मी."

"समोर या."

शालिनी समोर आली. ट्रे हातात तसाच.

"नाव काय तुमचं?"

"शालिनी."

"बहरीनमध्ये कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"तिथे सरकारी ऑफिसात जावं लागत असेल. व्हिसा, रेसिडेंट कार्ड. नवऱ्याचं नाव विचारतात की नाही?"

"विचारतात की."

"मग काय करता?"

"कार्ड पुढे करते."

अध्यक्ष हसले. बाई हसल्या नाहीत. "आणि कार्ड जवळ नसलं तर?"

"ह्यांना पुढे करते."

"आणि हेही नसले तर? समजा मीच तो साहेब. कार्ड नाही, हे नाहीत, माझ्यासमोर तुम्ही एकट्या. सांगा, नवऱ्याचं नाव काय?"

शालिनीने माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. तिने वैशालीकडे बघितलं.

"बाई, याच्यावर हिची परीक्षा अडलीय का?"

"अडलीय."

"मी सांगितलं नाही तर हिला नापास करणार?"

"तुम्ही आधी सांगा तर."

शालिनीने ट्रे टेबलावर ठेवला. ओढणी सारखी केली. दीर्घ श्वास घेतला, ओठ उघडले, पुन्हा मिटले. मग तिने स्क्रीनकडे बघितलं आणि हळदीकुंकवाला म्हणावं तसं अगदी प्रेमाने म्हणाली,

"बरं, घेते. पण तुम्ही वयानं मोठ्या. आधी तुम्ही नाव घ्या."

बाईंनी तोंड उघडलं.

ते तसंच राहिलं. अध्यक्षांना खोकला आला. गाइड सर टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकले ते वर येईनात. बाईंनी चष्मा काढला. कुर्त्याच्या टोकाने एक काच पुसली, दुसरी पुसली, पुन्हा पहिली पुसली. चष्मा घातला. चौथ्या प्रकरणाची पानं एकत्र करून उलटी ठेवली.

"पुढचा प्रश्न," बाई म्हणाल्या.